दाराचे सेल

आमच्या दाराला एक पांढरी डबी चिकटवलेली आहे. दार उघडलं की माझा फोन वाजतो आणि तिकडे मँचेस्टरला लेकीचा, आसावरीचाही. "हे कशासाठी गं?" असं ह्यांनी विचारलं की मी सांगते, "चोरांसाठी. लीड्समध्ये हल्ली फार झालेत." बिचारे चोर! उगाच बदनाम.

खरं कारण म्हणजे आमचे हे, दीनानाथराव. फेब्रुवारीत घरातल्या सपाता घालून बाहेर पडले आणि रिंग रोडच्या कडेला एका बाईंना सापडले. घर कुठलं ते सांगता येईना. डॉक्टरांनी तपासलं आणि स्मरणशक्तीचा आजार सांगितला. मग आसावरीने ही डबी आणून बसवली. ज्या माणसाने हॉस्पिटलातली भलीमोठी मशिनं आयुष्यभर दुरुस्त केली, त्याला "तुमच्यावर पहारा ठेवलाय" असं तोंडावर कसं सांगायचं? माझ्याच्याने नाही व्हायचं. म्हणून चोर.

शनिवारी सकाळी आसावरीचा फोन आला.

"आई, डोअर सेन्सरची बॅटरी लो दाखवतंय. आजच बदल हं. तो बंद पडला आणि बाबा बाहेर गेले तर आपल्याला कळणारसुद्धा नाही."

"बदलते गं बाई. दोन सेलच तर घालायचेत."

नव्या सेलांचं पाकीट घरात होतं. पण दोन्ही नवे कशाला घालवायचे? एक नवा घेतला आणि एक टीव्हीच्या रिमोटमधला काढला. त्यात अजून धुगधुगी होती. पुण्याला आम्ही असे सेल उन्हात ठेवायचो, की आणखी थोडे चालायचे. लीड्सला ऊन मागायचं कुणाकडे? ठेवला रेडिएटरवर.

तेवढ्यात हे चहाचा कप घेऊन आले आणि बघतच राहिले.

"वैजू, सेल भाजतेस? पापड आहे का तो?"

"जरा ऊब देतेय."

"ऊब कसली डोंबलाची! तापवलास तर फुटेल. आतलं रसायन हाताला लागलं की बसशील बोंबलत. आणि हा दुसरा नवा का? जुना आणि नवा एकत्र घालायचे नसतात. नवा बिचारा जुन्याला ओढत बसतो, आणि जुना गळतो."

"आपलं नाही का चाललंय?"

"आपण दोघंही जुने आहोत, म्हणून चाललंय."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, ते असं. काल माझ्या सख्ख्या बहिणीचं नाव ह्यांना आठवत नव्हतं. आज कप ठेवला आणि निघाले दाराकडे.

"आसूला सांग, आधी ते टेस्टवर टाक म्हणावं. नाहीतर झाकण उघडल्याबरोबर ठणाणा करेल."

मी तिला फोन केला, तिने तिच्या फोनवरून टाकलं, म्हणजे झाकणाचा भोंगा बंद, दाराचा चालू. ह्यांनी नखाने झाकण अलगद काढलं आणि जुने दोन्ही सेल बाहेर घेतले. "हे कचऱ्यात नाही टाकायचे. सुपरमार्केटात जुन्या सेलांचा डबा असतो, त्यात नेऊन टाकायचे." मग पाकिटातले दोन नवे काढून एकेकाचं अधिक-उणे बघून बसवले. एकदाही अडखळले नाहीत. माझाच जीव टांगणीला लागला होता. चोराच्या मनात चांदणं! इतकं कळणाऱ्या माणसाला बाकीचं कळायला कितीसा वेळ?

"आता वाजतं का बघू," हे म्हणाले.

"थांबा, मी चोर होते. मी जाते बाहेर."

"तू नको. मीच जातो."

हे दार उघडून पायरीवर गेले. माझ्या हातातला फोन वाजला. हे तिथेच उभे राहून माझ्याकडे बघत होते.

"वाजलं?"

"वाजलं."

"मग झालं. मी बाहेर गेलो की वाजलं पाहिजे, एवढंच ना?"

"अहो, तुम्हाला कधी कळलं?"

"कळतं. मग विसरतो. मग पुन्हा कधीतरी कळतं."

"आणि रागावला नाहीत?"

"रागावलो असेन. तेही विसरलो."

काय हा माणूस! मला हसूही आलं आणि रडूही, आणि मी बाई सरळ रडले. ह्यांनी आत येऊन दार लावलं, माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"रडतेस काय वेडे? सेल कसे घालायचे ते नीट बघितलंस ना? पुढच्या वेळी मला जमेलच असं नाही."

मी सेलांकडे बघितलंच नव्हतं. सगळा वेळ ह्यांच्याकडे बघत होते.

"नाही बघितलं," मी म्हणाले. "परत दाखवा."

एरवी एक गोष्ट दोनदा सांगायची म्हटली की ह्यांचा पारा चढायचा. आज मात्र झाकण पुन्हा काढलं, दोन्ही सेल बाहेर घेतले आणि माझ्या तळहातावर ठेवले.

"आता तू घाल," म्हणाले. "मी बघतो."