पक्क्या शाईचा शिक्का

“हे शेपूट बघा जरा,” म्हणत सहीवाल्यांनी कुरियरची पावती माझ्या काउंटरवर ठेवली आणि तिच्यावर भिंग धरलं. “शेवटच्या अक्षराचं. खालून वर जातं आणि आत वळतं. दिसलं?”

दिसलं. भिंग माझ्याच दुकानातलं होतं, न दिसून सांगतं कोणाला! मी चष्मेवाला. सहीवाल्यांचं दुकान माझ्या भिंतीला लागून आहे.

“आता हे बघा.” त्यांनी काखेतून रेकॉर्डचं कव्हर काढलं, फ्रेममधून सोडवलेलं. ही रेकॉर्ड त्यांच्या दुकानाबाहेर आलेली मी कधी पाहिली नव्हती. कव्हरवर चार सह्या होत्या. एक गाणाऱ्याची, दोन गिटारवाल्यांच्या आणि चौथी ड्रमवाल्याची. चौथीच्या शेवटी तेच शेपूट, तसंच आत वळलेलं.

“आणि पावतीवर सही कोणाची?” मी विचारलं.

“हिची,” ते म्हणाले आणि माझ्या नंबर तपासायच्या स्टुलावर बसले.

सहीवाल्यांचा धंदा म्हणजे रॉक संगीतातल्या मंडळींनी सह्या केलेल्या वस्तू जमवायच्या आणि विकायच्या. रेकॉर्ड, पोस्टर, तुटक्या गिटारी, ड्रमच्या काठ्या. पण विकण्यापेक्षा परत करण्यातच त्यांना जास्त आनंद. टेबलावर दोन शिक्के असत, ‘खरी’ आणि ‘खोटी’. ‘खरी’ वर्षातून दोन-तीनदा उठायचा. ‘खोटी’ची मूठ मात्र हाताळून गुळगुळीत झाली होती. एकदा एका बाईंनी कुठल्याशा गायकाने घाम पुसलेला टॉवेल आणला. “घामाला सही नसते,” म्हणून यांनी तो चिमट्याने उचलून परत दिला. गिऱ्हाइकं चिडायची, पण लांबून लांबून यायची, कारण त्यांच्या दुकानातून एकही खोटी सही कधी बाहेर गेली नव्हती. माणूस तेवढ्या एका गोष्टीवर जगत होता.

ती रेकॉर्ड त्यांच्या तरुणपणातली. त्या बँडचा इथे एकच कार्यक्रम झाला होता. सभागृहाच्या मागच्या दाराशी यांनी तीन सह्या स्वतःच्या डोळ्यांदेखत घेतल्या. ड्रमवाला पुढच्या दाराने निघतोय असं कोणीतरी म्हणालं, तेव्हा रेकॉर्ड आणि पेन रांगेतल्या एका अनोळखी मुलीच्या हातात देऊन हे पुढे धावले. परत आले तो चौथी सही झालेली. “इकडूनच आला, सही केली आणि गेला,” ती मुलगी म्हणाली. पुढे त्याच मुलीशी यांचं लग्न झालं. ही हकिगत ते प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत. वहिनींना नेमकं तेव्हाच आत काहीतरी काम निघायचं, हे माझ्या आता लक्षात आलं.

इतकी वर्षं हे सुटलं कसं, असं कोणी म्हणेल. पण बायकोच्या सहीकडे भिंगातून बघतो कोण? शिवाय वहिनी एरवी दोन अक्षरं खरडून मोकळ्या व्हायच्या. त्या दिवशी कुरियरवाला नियमावर बोट ठेवणारा निघाला. पूर्ण नाव लिहा म्हणाला.

सहीवाल्यांनी मला साक्षीदार म्हणून घरी ओढत नेलं. घर दुकानाच्या वरच. वहिनी शर्टाला बटण लावत होत्या. कव्हर आणि पावती एकत्र पाहून त्यांनी दातांनी दोरा तोडला.

“कळलं का शेवटी,” त्या म्हणाल्या.

“अगं, बत्तीस वर्षं…”

“चौतीस. लग्नाआधीची दोन धरा.”

“केलीसच का पण?”

“अहो, तो ड्रमवाला केव्हाच गाडीत बसून गेला होता. तुम्ही धापा टाकत परत आलात, केस कपाळाला चिकटलेले, एका पायात चप्पल नाही. तुम्ही लांबून दिसलात तेव्हाच मला दया आली. पोस्टरवर त्याचं नाव छापलेलं होतं, पेन हातात होतं. मला काय माहीत, तुम्ही पुढे याचाच धंदा कराल?”

“लग्नानंतर सांगायचंस.”

“लग्नानंतर तुम्ही ती रेकॉर्ड फ्रेम करून आणलीत. मग दुकान काढलंत. मग तीच सही नमुना म्हणून वापरायला लागलात. दर वेळी ठरवायचे, आज सांगू. पण तुम्ही ती गोष्ट इतकी छान सांगायचात,” वहिनी म्हणाल्या.

‘नमुना’ म्हटल्यावर सहीवाल्यांचा चेहरा उतरला. ते खाली गेले आणि नोंदवही घेऊन आले. त्या ड्रमवाल्याची सही घेऊन कोणी आलं, की हे आपल्या रेकॉर्डवरच्या सहीशी ती ताडून बघत आणि छायाप्रत वहीत चिकटवत. अशा अकरा होत्या. अकराही एकमेकींशी तंतोतंत जुळत होत्या. जुळत नव्हत्या त्या फक्त वहिनींशी. शेजारी सहीवाल्यांच्या हातचं टिपण होतं, ‘एकाच टोळीचं काम.’

“या ड्रमवाल्याची सही जगात सगळ्यात दुर्मीळ,” असं ते गिऱ्हाइकांना सांगत. “एवढ्या वर्षांत मी एकच खरी पाहिली.”

मी हसलो. आवरायचा फार प्रयत्न केला, पण आवरेना. वहिनीही पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. सहीवाले मात्र अकराव्या पानावर थांबले होते.

“दहा जण पोस्टाने आलेले. त्यांना पत्रं टाकतो,” ते म्हणाले. “हा मात्र इथलाच. वायरमन.”

माझं हसू गेलं. पंधरा वर्षांपूर्वी तो आला तेव्हा मी तिथेच उभा होतो. त्या कार्यक्रमात अर्ध्यात दिवे गेले होते आणि या वायरमनने ते आणले होते. खूश होऊन ड्रमवाल्याने ड्रमवरचं गोल पांढरं चामडं काढून, त्यावर सही करून त्याला दिलं होतं. नावाला चामडं, असतं प्लास्टिकच. त्याला ते विकायचं नव्हतं. त्याच्या साडूचा विश्वास बसत नव्हता, म्हणून ‘खरी’चा शिक्का हवा होता. सहीवाल्यांनी भिंग लावलं आणि मागच्या बाजूला ‘खोटी’ उमटवलं. “तुम्हाला कोणीतरी फसवलंय,” म्हणाले. “माझ्यासमोर केली हो,” तो म्हणाला. “मग तुम्ही मला फसवताय,” असं सहीवाले भर दुकानात बोलले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे त्याच्या गल्लीत गेलो. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याला पत्ता विचारला.

“ओरिजिनल होय? तिसरा मजला.”

“ओरिजिनल का?” सहीवाल्यांनी विचारलं.

“एका दुकानदाराने त्याची कसलीशी वस्तू खोटी ठरवली ना, तेव्हापासून. पोरंटोरंसुद्धा तेच म्हणतात.”

तीन जिने चढून सहीवाल्यांनीच कडी वाजवली. दार वायरमननेच उघडलं. केस सगळे पांढरे झाले होते.

“तुम्ही ते शिक्केवाले,” तो म्हणाला.

“तुमची सही खरी होती,” सहीवाले उंबऱ्यातूनच म्हणाले. “माझी खोटी होती.”

“माझी खरी होती ते मला माहीतच आहे. तुमचं मला काय ठाऊक.” पण त्याने आम्हाला आत घेतलं.

“ती वस्तू आहे का अजून?”

“आहे की. गच्चीवर.”

गच्चीत पाण्याचं पिंप होतं आणि पिंपावर झाकण म्हणून ते चामडं. सहीवाले भिंग घेऊन त्यावर ओणवे झाले. इकडून बघितलं, तिकडून बघितलं, कोपऱ्याकोपऱ्यातून बघितलं. शाईचा ठिपकासुद्धा नव्हता.

“उन्हाने खाल्ली,” वायरमन म्हणाला. “तुम्ही खोटी म्हणालात. मग जपायची कशाला? कावळे पिंपात तोंड घालायचे, झाकण हवंच होतं.”

सहीवाल्यांनी ते उलटं केलं. खालच्या बाजूला ऊन लागलं नव्हतं. तिथे त्यांचा शिक्का होता, ‘खोटी’, काल मारल्यासारखा. ती पक्की शाई त्यांनी खास मागवली होती आणि आपण तिची हमी देतो म्हणून मिरवलीही होती. त्यांनी रुमाल पिंपात बुडवला आणि घासायला लागले. घासता घासता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. शिक्का हलला नाही.

“राहू द्या आता,” वायरमन म्हणाला.

मग सहीवाल्यांनी खिशातून पेन काढलं. शिक्क्यावर आडवी रेघ मारली. खाली लिहिलं, ‘सही खरी होती. चूक माझी.’ त्याखाली आपलं पूर्ण नाव घालून सही केली आणि तारीख टाकली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या सह्या तपासणाऱ्या माणसाची सही मी पहिल्यांदाच बघत होतो. साधी होती, शाळेतल्या मुलासारखी.

वायरमनने भिंग मागून घेतलं आणि बराच वेळ त्या ओळींवर धरलं.

“ही तरी तुमचीच ना?”

“माझ्यासमोर केली,” मी म्हणालो.

त्याने चामडं शर्टाने पुसलं, काखेत मारलं आणि जिन्याकडे वळला. दोन पायऱ्या उतरून परत वर आला. कोपऱ्यातली एक फळी उचलून पिंपावर ठेवली, तिच्यावर वीट ठेवली आणि मग खाली गेला.