सरकवलेली रेघ

"ह्यां झाकण परत बसणा नाय," आमचा कारागीर गुणाजी पंचिंग मशीनजवळ पुटपुटला. तो तक्रार मशीनकडे करतो, म्हणजे ती मला ऐकू येते.

मी त्याच्या हातातलं, परत आलेल्या मालातलं खोकं घेतलं. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं. झाकणाची जीभ खाचेत शिरतच नव्हती. ड्रॉइंगमधली एक रेघ जराशी सरकलेली, आणि खोकं कापायचा साचा, म्हणजे डाय, तशीच बनून आलेली. रेघ कुणी सरकवली ते मला ठाऊक होतं. गुणाजीलाही. मुलुंडच्या आमच्या एवढ्याशा गाळ्यात लपणार काय?

खोक्यांची सगळी ड्रॉइंगं चार कॉम्प्युटरांवर आहेत. केबिनमध्ये, माझ्या टेबलावर, नाहूरला घरी, आणि चौथा म्हणजे आमच्या मुलीचा, गंधालीचा, हैदराबादला असलेला लॅपटॉप. एकावर बदल केला की चारही ठिकाणी होतो. ही व्यवस्था तिचीच. "एक जळला तरी तीन उरतील, आई," म्हणाली होती. मग धंद्यात न येता नोकरी धरली. "धंदा नको तर घरही विसर," असं आमचे हे, चंद्रप्रकाश, रागात बोलून गेले, आणि पोरगी बापासारखीच, निघालीच. दोन वर्षं झाली. फोन मला येतो. यांना नाही.

पण गाळा बंद करायच्या आधी हे एखादं ड्रॉइंग उघडतात, त्यातली रेघ थोडी हलवतात, सेव्ह करतात. सकाळी रेघ जागेवर आलेली असते. हलवणारे हे, जागेवर आणणारी ती. शब्द एक नाही. मी काही विचारत नाही, चहा टाकते. ज्या घरात दोघं असे हट्टी, तिथे तेवढंही पुष्कळ.

या वेळी मात्र रेघ जागेवर आली नाही. "नेट गेलंय का गं?" हे दोनदा विचारून गेले. नेट होतं. मी "बघते" म्हटलं आणि बघितलं नाही. तेवढ्यात ड्रॉइंग डायवाल्याकडे गेलं.

औषध कंपनीने माल परत पाठवला. वर निरोप, की ड्रॉइंगं एकाच सर्व्हरवर कुलपात ठेवा, बाहेरचं मशीन जोडलेलं चालणार नाही, नाहीतर काम दुसरीकडे देऊ. म्हणून आज प्रबुद्ध आला. आमचे कॉम्प्युटर गेली कित्येक वर्षं तोच बघतो.

"एकच तिजोरी समजा, चंदूशेठ. परवानगीशिवाय कुणी रेघ हलवू शकणार नाही. चौथं मशीन आजच काढू."

"आणि तिजोरीच फुटली तर? सगळं एकदम गेलं ना?" आयुष्यात पासवर्ड लक्षात न राहिलेला हा माणूस तावातावाने बोलत होता. "चार ठिकाणी आहे तेच बरं."

"एक कॉपी बाहेर ठेवू की. बंद करून. कुणाला उघडता येणार नाही."

"मग तिचा उपयोग काय?"

प्रबुद्ध माझ्याकडे बघायला लागला. मी खोक्याकडे.

"साहेबांका उघडूक येणारी कॉपी होयी," गुणाजी दारातून म्हणाला. 

लॅपटॉप काढायचा तर गंधालीलाही तिच्याकडून मंजुरी द्यावी लागणार होती. मी फोन लावला, स्पीकरवर ठेवला, प्रबुद्धने सगळं समजावलं.

"काढा," ती म्हणाली. "बरोबर आहे कंपनीचं. आई, ती झाकणाची रेघ मी बघितली होती. मुद्दाम ठेवली तशीच. ते ड्रॉइंग पुढे जाईल असं वाटलं नाही मला. वाटलं, आता तरी बाबांचा फोन येईल."

"माल परत आला," हे म्हणाले. दोन वर्षांनी पहिलं वाक्य, आणि तेही असं.

"सॉरी, बाबा."

"एक कॉपी राहू दे तुझ्याकडे."

"नाही चालणार त्यांना."

"हं."

प्रबुद्धने चष्मा काढला, पुसत बसला. पंचिंग मशीन कधी थांबलं कळलंच नाही. यांनी फोन हळूच आपल्याकडे ओढला.

"कॉपीचं जाऊ दे," हे म्हणाले. "तू घरी ये, गंधाली. मला करमत नाही."