सोमवारची कॉफी

“दूध घालून पेते तो पोट्टा, बिनदुधाची पेते तो मर्द,” गुलाबरावांनी बसच्या मागच्या बाकावरून निकाल देऊन टाकला. “बस, बात खतम.”

“और ग्रीन टी वाला?” गौतमनं विचारलं.

“तो बिमार.”

मागची अर्धी बस हसली. कर्मचाऱ्यांची ही बस सकाळी बूढापाऱ्याहून निघायची. शहर मागे पडलं, नव्या राजधानीचे ते रुंद, रिकामे रस्ते लागले, की मागच्या बाकावर रोज असलं एखादं न्यायालय भरायचं. पुरुषानं छत्री घ्यावी की भिजावं, मिशी ठेवावी की नाही, बायकोची थैली बाजारात कुणी धरावी. आजचा खटला होता, बाईला पहिल्यांदा भेटायला जाताना पुरुषानं काय प्यावं. आणि तो ज्याच्यामुळे उभा राहिला होता तो रत्नाकर खिडकीशी पिशवी मांडीवर धरून बसला होता, हसत होता आणि मनातून घाबरला होता.

शेहेचाळीस वर्षांचा माणूस. पाणीपुरवठा खात्यात लिपिक. बायको सत्यभामा जाऊन चार वर्षं झालेली, मूलबाळ नाही. चौबे कॉलनीतल्या त्याच्या थोरल्या बहिणीनं, कुमुदताईनं, एक स्थळ काढलं होतं. यामिनी नाव, एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला, तिचेही यजमान वारलेले. तिनं कुमुदताईला स्पष्ट सांगितलं होतं, “पोह्यांचा कार्यक्रम नोको. या वयात ट्रे घेऊन मी काही येत नाही. बाहेर भेटतो, दोघंच.” तिला सुट्टी सोमवारी असे, म्हणून सोमवार ठरला. संध्याकाळी, तेलीबांधा तलावासमोरच्या एका कॅफेत.

“सर, ये डेट है,” गौतम त्याला समजावत होता. पोरगा अठ्ठावीसचा, घरी मराठी कळे पण उत्तर हिंदीतच येई. “ब्लॅक कॉफी बोलना. सीधा मैसेज जाता है, आदमी सीरियस है.”

“हा कायची ब्लॅक कॉफी बोलते,” गुलाबराव म्हणाले. “आज सोमवार आहे ना याचा. जाऊन म्हणन, भैया, एक गिलास दूध, साखर जास्त. अबे, पोट्ट्या सोळा सोमवार करतात नवरा भेटला पाहिजे म्हणून. तू काहून करून राहिला?”

रत्नाकर या प्रश्नावर नेहमी हसायचा, तसाच हसला.

“हे पाय, थट्टा बाजूले ठेव,” गुलाबरावांनी आवाज उतरवला. तसा माणूस मनाचा वाईट नव्हता. “उपास-तापास तिच्यापुढे काढू नको. बाईले वाटते, पुरुष नाही, शेजारीण आली हळदीकुंकवाले. अन् सत्यभामा वहिनीचं तर नावच घेऊ नको. कोणत्या बाईले आवडन?”

“बोलना, मूव ऑन कर चुका हूँ,” गौतम म्हणाला. “प्रॅक्टिकल आदमी हूँ. लेडीज़ को प्रॅक्टिकल आदमी चाहिए.”

“हव,” रत्नाकर म्हणाला आणि मनातल्या मनात ‘प्रॅक्टिकल’ हा शब्द दोनदा घोळवला.

सोमवार मुळात त्याचा नव्हताच, सत्यभामेचा होता. एका श्रावणात तिनं सोळा सोमवार धरले. कशासाठी, असं त्यानं विचारलं तेव्हा “सांगितलं की फळ जाते” म्हणून ती वाटीतला गूळ फोडत राहिली. दिवसभर दुधाशिवाय पोटात काही नाही, तिन्हीसांजेला महादेवाची पूजा, मग गव्हाच्या पिठाचा तूप-गुळातला चुरमा. मिठाचा कण नाही. निम्मे सोमवार झाले आणि तिची कावीळ उलटली. दवाखान्यातही सोमवारी ती मिठाचं पाणी घेईना. नर्स रागवे, ती नुसती मान हलवी. ती गेली आणि सोमवार मात्र राहिले.

राहिलेले त्यानं पुरे केले. व्रत कुणी का धरलेलं असेना, मध्येच टाकलं तर ते देवाच्या दारात ताटकळत बसतं, असं त्याला लहानपणापासून वाटत आलं होतं. मग उद्यापनाची वेळ आली. गुरुजी म्हणाले, “पूजेला जोडीनं बसावं लागतं. वहिनी नाहीत, तर त्यांच्या पाटावर सुपारी मांडू. तशी सोय आहे.” बरोबरच सांगितलं त्यांनी. पण रत्नाकरनं उजव्या हाताच्या त्या रिकाम्या पाटाकडे पाहिलं. तिथं बसल्या बसल्या ती पदरानं त्याच्या कपाळाचा घाम टिपायची. तिथं एक सुपारी? “पुढं पाहू, गुरुजी,” तो म्हणाला. उद्यापन राहिलं ते राहिलंच, आणि उद्यापन नाही म्हणून सोमवारही सुटले नाहीत.

हे त्यानं बसमध्ये कधी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काय होतं.

आणि दुसरं लग्न त्याला कशाला हवं होतं, हेही त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. स्वयंपाक त्याला येत होता, धुणं येत होतं. पण बसमध्ये गुलाबराव असलं काही भन्नाट बोलत, आणि घरी जाऊन ते सांगायला कुणी नसे. संध्याकाळी कुलूप काढताना ओठांवर आलेला विनोद तसाच राही आणि चपला काढेपर्यंत विटून जाई. तेवढ्यासाठी त्याला माणूस हवं होतं.

यामिनी त्याच्या आधीच येऊन बसली होती. चाळिशीची, किंचित स्थूल, सुती साडी, केसांत एक साधी क्लिप. त्याला पाहून ती उठली नाही, पण समोरची खुर्ची पायानं थोडी मागे सरकवून दिली. त्या एका गोष्टीनं त्याची अर्धी भीती गेली.

“मी तर चॉकलेटचं दूध सांगून राहिली,” ती म्हणाली. “हसू नका. दिवसभर लोकाइचं रक्त पाहा लागते, सुट्टीच्या दिवशी मले गोडच लागते. तुम्ही?”

दूध, असं त्याच्या अगदी जिभेवर आलं होतं.

“ब्लॅक कॉफी,” तो म्हणाला.

कॉफी आली. काळी कुळकुळीत, वर वाफ. त्यानं एक घोट घेतला आणि तोंड सरळ ठेवलं.

“आवडते तुम्हाले?”

“हो. रोज हीच.”

ती गालात हसली. पण तिनं पुढं काही विचारलं नाही. मग बोलणं निघालं आणि चांगलं निघालं. ती प्रयोगशाळेतल्या गमती सांगत होती. एक पैलवान सुई पाहून चक्कर येऊन पडला, आणि त्याच्या मागं उभ्या सात वर्षांच्या पोरीनं त्याचा हात धरला. त्यावर रत्नाकरनं गुलाबरावांचा निकाल ऐकवला, अर्थात स्वतःला वगळून, आणि ती इतकी हसली की बाजूच्या टेबलावरच्या कॉलेजच्या जोडप्यानं मान वळवून पाहिलं. चार वर्षांत त्याच्या सांगण्यावर कुणी असं हसलं नव्हतं. जमलं, असं त्याला वाटलं. आता हे घरी नेता येईल.

तेवढ्यात सँडविच आलं. तिनं सुरीनं मधोमध कापून अर्धं त्याच्या ताटलीत सरकवलं.

“घ्या. एकटीले जास्त होते.”

बाहेर तलावावर दिवे लागायची वेळ होत होती. पूजा व्हायची होती. आज माझा सोमवार आहे, असं म्हणायला काय लागत होतं? चार शब्द. पण त्या चार शब्दांमागून शेजारीण येऊन उभी राहिली, हळदीकुंकवाला आलेली, आणि रत्नाकरनं सँडविच उचललं. पहिल्या घासाला मीठ जिभेला असं लागलं की त्याचे डोळे चुरचुरले. मिरची असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं आणि भराभर खाऊन टाकलं.

यामिनी स्ट्रॉनं ग्लासातला फेस हलवत होती.

“एक विचारू? राग नोका मानू. सत्यभामाबाईंचं काय काय आहे अजून घरी? म्हणजे, मनाचं नाही विचारत, वस्तू. माझ्याकडं तर यांच्या चपला अजून दारातच आहेत. पाच वर्षं झाले. सकाळी झाडताना उचलते, झाडते, पुन्हा तिथंच ठेवते. दूधवाल्याले कधी कधी दोन पिशव्या सांगून देते. मग काय, विरजण लावते. कामाची बाई हसते मले, इतकं दही कोण खाते म्हणून.”

तिनं हे हसतच सांगितलं होतं, पण बोलून झाल्यावर ती त्याच्याकडे पाहत राहिली. एखादा माणूस अनोळखी गावात आपली बोली ऐकायला मिळते का म्हणून कान देतो, तशी.

रत्नाकरला ते दिसलं. दिसलं, आणि तरी तोंडातून पाठ केलेलंच बाहेर पडलं.

“काही नाही. मागचं मागं. मी प्रॅक्टिकल माणूस आहे. मूव्ह ऑन झालो.”

“पूर्ण?”

“पूर्ण.”

तिनं मान हलवली. ग्लास बाजूला केला, पदर सावरला. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, कौतुक होतं म्हटलं तरी चालेल.

“छान आहे हो,” ती म्हणाली. “खरंच. मले नाही जमलं. खोटं काहून बोलू, मले वाटलं होतं, दोघंही तसेच असलो तर बरं होईन. तुम्ही तुमचं काही सांगसाल, मी माझं सांगन. पण तुमच्या घरी मी एखाद्या दिवशी यांचं नाव काढन अन् तुम्ही म्हणसाल, मागचं मागं. तुमचं काही चुकलं नाही त्याच्यात. पण मग मी कुठं जाऊ?”

आता सांगायला हवं होतं. तो सांगणारही होता. थांबा, आज सोमवार आहे, तिचा सोमवार आहे, चार वर्षं मी... त्यानं तोंड उघडलं आणि त्याची नजर स्वतःच्या ताटलीवर गेली. तिथं पावाचा चुरा होता, सॉसचा एक लाल ओघळ होता. ओठाला मीठ लागलेलं होतं. हे असं तोंड घेऊन, आज मला उपास आहे, असं कुणाला सांगायचं? तिनं ते खोटं मानलं असतं. आणि ते खरं तरी कुठं राहिलं होतं?

“काही म्हणत होते?” तिनं विचारलं.

“नाही. कॉफी थंड झाली.”

ती स्कूटरवर बसली तेव्हा त्यानं गर्दीत हात आडवा करून मागच्या गाड्या थांबवल्या आणि तिला वाट करून दिली. तिनं मान किंचित झुकवली आणि ती निघून गेली.

घरी येऊन त्यानं अंघोळ केली, चूळ भरली, पुन्हा भरली. चुरमा करायला हात उठला नाही. पिंडीवर पाणी घातलं, बेल वाहिला. महादेव भोळा, तो मीठ खाल्लेल्या माणसाचंही पाणी घेतो. त्या संध्याकाळी रत्नाकरला तेच जास्त लागलं. देवानं थोडं तरी रागवायला हवं होतं.

कुमुदताईचा फोन आला. “अरे, ती म्हणे माणूस चांगला आहे, पण आपलं जमणार नाही. काय बोलला तू तिले?” मग त्यानं बहिणीला सगळं सांगितलं.

“वेडा आहेस का रे, रत्ना? तिले फोन कर. आत्ताच कर. सांग हेच सगळं, जसंच्या तसं. धावत येईन ती.”

“नाही, ताई.”

“काहून नाही?”

“तिथं सत्यभामेले नाही म्हटलं मी,” तो म्हणाला. “अन् आता माझं अडलं म्हणून तिले पुढं करू? चांगलं नाही दिसत ते.”

“निदान जेवून घे,” कुमुदताई म्हणाली. तिनं फोन ठेवला तेव्हा तिला रडू येत होतं, हे त्याला कळलं.

सकाळी बसमध्ये त्याची जागा धरून ठेवलेली होती, थेट मागच्या बाकावर, मधोमध.

“बोला मर्द,” गुलाबराव म्हणाले. “कॉफी कशी होती?”

“कडक होती.”

बाक दणाणला. कुणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली. गौतम मात्र त्याच्या तोंडाकडे पाहत होता.

“और मैडम, सर?”

“चांगल्या आहेत. फार चांगल्या आहेत.” त्यानं डबा मांडीवर सरळ केला. “पत्रिका नाही जुळली.”

“या वयात कायची पत्रिका बे?” गुलाबराव म्हणाले.

“असते काही लोकांचं.”

“सर, हमने जो बोला था, उससे कुछ गड़बड़...”

“नाही रे, बाबा. तुमच्यामुळे तर दोन शब्द बोलता आले मले.”

गुलाबरावांनी तोंडातल्या तोंडात पत्रिका पाहणाऱ्यांना शिव्या दिल्या, खिशातून बडीशेप काढून त्याच्या तळहातावर ठेवली आणि दुसरा खटला सुरू केला. पोरगा पोरीच्या मागं स्कूटीवर बसला तर चालते का? त्यावर बस पुन्हा रंगली. हसण्याच्या ठिकाणी रत्नाकर हसला.

कार्यालयाशी उतरताना गौतम त्याच्या पुढं होता. संध्याकाळी त्यालाही कुणाला तरी भेटायचं होतं, नवा कोरा शर्ट घातला होता, निळा. पाठीवर मापाची लांब पारदर्शक पट्टी तशीच चिकटलेली, एल एल एल एल असं वरून खालपर्यंत लिहिलेली. रत्नाकरनं त्याला खांद्याला धरून थांबवलं आणि ती नखानं हलकेच, सूत न ओढता, सोलून काढली.

“थँक यू, सर,” गौतम ओशाळून म्हणाला. मग इकडेतिकडे पाहत आवाज लहान केला. “सर, मुझे ना, असल में ब्लॅक कॉफी से ॲसिडिटी होती है.”

“मग नको पेऊ,” रत्नाकर म्हणाला.

पोरगा खुशीत पायऱ्या चढून गेला. रत्नाकर हजेरीच्या रांगेत उभा राहिला. पट्टी टाकून दिली तरी तिचा चिकटा अंगठ्याला लागून राहिला होता. त्याची पाळी आली, त्यानं यंत्रावर अंगठा टेकवला. यंत्रानं लाल दिवा दाखवला, पुन्हा लावा म्हणून सांगितलं. त्यानं पुन्हा लावला. पुन्हा लाल.

“भैया, पोंछ के लगाओ,” मागून कुणीतरी म्हणालं.

“हव,” तो म्हणाला. शर्टाच्या टोकाला अंगठा पुसून त्यानं तो काचेवर ठेवला आणि या खेपेला जरा दाबून धरला.