नव्या घरातली पहिली थाप

लेखिकाबाईंनी दोन वर्षं संग्रहालयाच्या तळघरात धूळ खात काढली होती. डोंगरातल्या मूळ रहिवाशांच्या जुन्या चालीरीती शोधायच्या आणि त्यांवर कादंबरी लिहायची, हा एकच ध्यास. कादंबरी झालीही. पण प्रकाशक अडून बसला: त्या लोकांपैकी कुणीतरी ऐकून ‘हो’ म्हटल्याशिवाय तो छापणार नव्हता. बरोबरच होतं त्याचं.

म्हणून बाई आज सुईणआजींच्या स्वयंपाकघरात बसल्या होत्या. आजी त्याच वंशातल्या, जुनं सगळं त्यांना तोंडपाठ. बाईंनी अगदी आवाज लावून नव्या घरात राहायला जाण्याच्या विधीचं प्रकरण वाचलं. पाहुणे एकेक सत्यवचन उच्चारतात, मग गंभीर शांतता पसरते, वगैरे.

आजींना हसता हसता ठसका लागला. “सत्य? कुणी सांगितलं गं तुला?”

“जुन्या नोंदीत आहे.”

“मग नोंद करणाऱ्याला आमच्या लोकांनी शेंडी लावली! अगं, नव्या घरात प्रत्येकानं थाप मारायची. ज्याची थाप घरातल्या म्हातारीला खरी वाटली, तो जिंकला. थापेशिवाय घराला घरपण नाही.”

बाई आनंदाने उडायच्याच बाकी होत्या. लहानपणापासून थापाडी म्हणून बोलणी खाल्लेली, आणि इथे अख्ख्या जमातीने थापेला मान दिलेला! सगळं प्रकरण त्यांना नव्याने दिसू लागलं.

“हे लिहू, आजी?”

“आधी मार एक. मला पटली तर लिही.”

झालं! कागदावर राज्यं उभी करणाऱ्या बाईंना तोंडी एक थाप जमेना. घराला आग लागली म्हणाल्या, आजींनी शांतपणे चहा ओतला. लॉटरी लागली म्हणाल्या, आजींनी जांभई दिली. शेवटी रडकुंडीला येऊन बाई पिशवी उचलून दाराशी गेल्या.

“जाऊ दे, आजी. तसंही बाकीची कादंबरी मी काल फाडून टाकली.”

कसं तोंडातून निघालं, त्यांनाही कळलं नाही. आजींचा कप बशीवर आदळला.

“वेडी का काय तू? दोन वर्षांची मेहनत! बस खाली. मी सांगते सगळं, पुन्हा लिही!”

बाई वळल्या. हसू काही आवरेना. पिशवीतला चारशे पानांचा गठ्ठा काढून त्यांनी टेबलावर ठेवला.

आजींनी गठ्ठा उलटापालटा करून पाहिला आणि कपाळावर हात मारला.

“लिही, बाई, लिही. छाप म्हणावं त्या प्रकाशकाला. फक्त एवढं घाल त्यात, की आजी मुळीच फसली नव्हती.”

बाईंनी ते तिथल्या तिथे लिहून घेतलं.