पोडपिठ्याची सुरी

ओडिशातल्या रज सणाच्या तीन दिवसांत बायकांनी कामाला हात लावायचा नाही, म्हणून केळीच्या पानात गुंडाळलेला गूळ-खोबऱ्याचा पोडपिठा आदल्या रात्रीच निखाऱ्यांवर चढतो. सकाळी तो कापायची सुरी मात्र कटकच्या त्या घरात चाळीस वर्षं कुंतलाच्याच हातात होती. कापणं हे काम नव्हे, मान आहे, हे तिनंच ठरवून टाकलं होतं.

यंदा मुलानं, बिभूतीनं, ती सुरी कपाटात घालून कुलूप लावलं.

"मशीन खोटं बोलत नाही, बोऊ. उपाशीपोटी साखर दोनशे ऐंशी. कुठे लपवलायस खाऊ?" त्यानं आईला विचारलं.

कुंतलाचा संताप झाला. एरवी ती चोरून खायची, नाही असं नाही. पण साखर उतरल्याशिवाय गुडघ्यात इंजेक्शन देणार नाही, असं डॉक्टर सेनापतींनी बजावल्यापासून एकवीस दिवस तिनं गुळाचा खडासुद्धा तोंडात टाकला नव्हता. मंगळवारी दोन्ही गुडघ्यांत सुया टोचून घेतल्या. तेव्हापासून गुडघे गप्प बसले आणि साखर बोंबलायला लागली. आयुष्यात पहिल्यांदा खरी वागली, तर नेमकी चोर ठरली.

बिभूतीनं झडती घेतली. गादी उलटली, पानाचा डबा हुंगला, तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला. जगन्नाथाच्या तसबिरीमागे हात घालताना मात्र आधी तीनदा नमस्कार केला. मधेच तांब्याभर पाणी प्यायला, मोरीकडे जाऊन आला, पुन्हा तांब्या तोंडाला लावला.

कुंतला पलंगावरून बघत होती. नऊ वर्षांपूर्वी तिचंही असंच सुरू झालं होतं.

"ये रे इकडे. बोट दे."

"माझं कशाला?"

"मशीन खोटं बोलत नाही ना? मग घाबरतोस कशाला?"

सून इतिश्री दारात येऊन उभी राहिली. बिभूतीनं तोंड फिरवून बोट पुढे केलं. कुंतलानं सुई जरा मन लावूनच टोचली.

एकशे शहाण्णव.

"आणि सकाळपासून नुसता बिनसाखरेचा चहा झालाय," इतिश्री म्हणाली. "ऑफिसातून येताना रोज चार रसगुल्ले कोपऱ्यावरच उभ्यानं खातात, ते वेगळे."

"तू कुणाच्या बाजूची आहेस?"

"ज्यांच्या हातात सुई आहे त्यांच्या."

कुंतलानं डॉक्टरांना फोन लावायला सांगितला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"मावशी, या इंजेक्शननं आठ-दहा दिवस साखर चढते," डॉक्टर म्हणाले. "रोज मोजा, वर गेली तर मला कळवा, गोळी वाढवून देईन, असं तुमच्या मुलाला सांगितलं होतं की."

दोघींनी बिभूतीकडे पाहिलं.

"मी तेव्हा फोनवर होतो," तो पुटपुटला. कपाट उघडून त्यानं सुरी आईपुढे ठेवली.

कुंतला चटईवर मांडी घालून बसली. गुडघ्यांमुळे चार वर्षांनी बसत होती, म्हणून अंमळ सावकाश. केळीचं पान सोडवलं, करपलेल्या गुळाचा, खोबऱ्याचा वास घरभर गेला. इतिश्रीला तळहाताएवढा तुकडा दिला. बिभूतीच्या ताटलीत अंगठ्याएवढा.

"एवढासाच?"

"सुरी माझ्या हातात असूनही दरसाल मला एवढाच घेऊ द्यायचास. चव कळायला पुष्कळ झाला, म्हणायचास. उद्या उपाशीपोटी चल सेनापतींकडे, तुला माझ्याच रांगेत बसवते."

स्वतः तिनं काही खाल्लं नाही. फक्त काठाची करपलेली खरपूस कड, जी तिला जिवापलीकडे आवडे, तेवढी कागदात गुंडाळली आणि साखर उतरेल त्या दिवसासाठी पानाच्या डब्यात ठेवली. तो डबा बिभूतीनं एकदा हुंगून झाला होता.