पिलोसोपो

रोवेलिनने बुटका पेला उचलला आणि त्यातलं लाल सरबत उंच पेल्यात ओतायला सुरुवात केली. धार काठावर आपटत होती, पण थेंबही बाहेर पडला नाही. टेबलापलीकडे तिची भाची बेंबेम खुर्चीवर गुडघे टेकून बसली होती. वय पावणेसहा. दुसरा बुटका पेला, पहिल्याइतकाच भरलेला, तिच्यासमोर तसाच होता.

"आता सांग हं, बेंबेम." रोवेलिनचा आवाज उगाचच गोड झाला. "सरबत कुठे जास्त आहे? ह्या पेल्यात, ह्या पेल्यात, की दोन्हींत सारखंच?"

उत्तर वर्गात सगळ्यांना ठाऊक होतं. ह्या वयाचं मूल उंच पेल्याकडे बोट दाखवतं. पुस्तकात तसं छापलेलं होतं, फळ्याच्या वर चौकटीत बसलेल्या दाढीवाल्या आणि चष्मेवाल्या पंडितांपैकी एकाने ते शोधून काढलं होतं, आणि सकाळपासून टेबलाशी आलेल्या प्रत्येक मुलाने ते इमानेइतबारे सिद्ध केलं होतं. ती मुलं आता खिडकीखालच्या बाकावर बसून काठीला टोचलेली, साखरेत तळलेली केळी खात होती.

इमानेइतबारे म्हणजे पढवल्याप्रमाणे. बाल आणि किशोर विकास हा विषय आमच्या अध्यापक महाविद्यालयात वर्षानुवर्षं असाच पास होत आला आहे. मूल बरोबर बोललं तर प्रयोग चुकला, आणि प्रयोग चुकला तर छात्राध्यापिका नापास. मग कोण कशाला विषाची परीक्षा घेईल? केळ्याचं आमिष दाखवायचं आणि चुकीचं उत्तर पोराकडून घोटवून घ्यायचं. आईबाप बिचारे बरोबर उत्तरं शिकायला मुलं शाळेत धाडतात, आणि त्यांचे होणारे शिक्षक त्यांना चूक पाठ करायला लावतात! बरं, ह्याचं कुणाला काही वाटायचंही नाही.

रोवेलिननेही तेच केलं होतं. सकाळी तीनचाकीतून येताना भाचीला मांडीवर घेऊन तिने उजळणी घेतली होती.

"उंच पेल्यात जास्त, असं म्हणायचं."

"पण ते जास्त नसतं."

"नसतं गं. तरी म्हणायचं."

"का?"

"कारण तू लहान आहेस."

बेंबेमने ह्यावर बराच विचार केला. शेवटी तिने भुवया उचलल्या आणि रोवेलिनचा जीव भांड्यात पडला. आमच्या किनाऱ्यावर हो म्हणायला कुणी तोंड उघडत नाही. भुवया वर गेल्या की हो.

पुढे वर्गात आपली पाळी यायची वाट बघत बसल्यावर बेंबेमने भिंतीकडे मान वर केली होती. "मावशी, हे म्हातारे कोण?"

"ते मोठे पिलोसोपो. मुलांचं डोकं कसं चालतं, ते ह्यांनी शोधून काढलं."

"पिलोसोपो?" बेंबेमचे डोळे विस्फारले, कारण घरी हा शब्द रोज तिच्याच वाट्याला यायचा. मोठ्यांना उलटून विचारणाऱ्या पोराला आमच्याकडे मिळणारी ही पदवी. मुळात म्हणे त्याचा अर्थ तत्त्वज्ञ. पण आईच्या तोंडून तो दीडशहाणा ह्याच अर्थाने निघतो आणि पाठोपाठ चप्पल येते. "मग ह्यांना चपला नाही पडल्या?"

"पडल्या असतील. गप्प बस आता."

रोवेलिनलाही लहानपणी पडल्या होत्या. तिने धडा घेतला आणि गुणी मुलगी झाली. एकोणीस वर्षांची होईपर्यंत मोठ्यांनी काहीही सांगितलं की तिच्या भुवया आपोआप वर जात.

आणि आता समोर दोन पेले होते.

"सारखंच," बेंबेम म्हणाली.

रोवेलिनने रिकामा पेला बाजूला ठेवला. घरी दाराच्या खिळ्याला सराव पाठांचा गणवेश लटकत होता. आईने तो आधीच शिवून, कडक इस्त्री करून ठेवला होता, येणाजाणाऱ्याला दाखवत होती. हा प्रयोग पास झाला तर जूनमध्ये सराव पाठांसाठी शाळा मिळणार होती. नाही झाला तर अख्खं वर्ष पाण्यात.

मॅम पालाब्रिका खुर्चीतून उठल्या. हा विषय त्यांचाच. पेल्यांच्या प्रयोगावर त्यांचा भारी जीव. दर वर्षी प्रयोग संपले की त्या हात झटकत आणि म्हणत, "बघा, आपल्या कोळ्यांची मुलंही जगातल्या मुलांसारखीच. अगदी पुस्तकातल्यासारखी!" आणि हे त्या अगदी मनापासून म्हणायच्या.

"नीट बघ हं, बाळा," मॅम वाकून म्हणाल्या. "कुठला पेला उंच आहे?"

"हा."

"शाब्बास. मग सरबत कुठे जास्त आहे?"

"सारखंच आहे."

"परत एकदा बघ."

आता, मोठ्या माणसाने तोच प्रश्न परत विचारला की पहिलं उत्तर चुकलं, हे आमच्याकडे रांगणाऱ्या पोरालाही कळतं. ते निमूटपणे उत्तर बदलतं. रोवेलिनने भाचीकडे बघून हळूच ओठांचा चंबू केला आणि बोट दाखवावं तसा उंच पेल्याच्या दिशेने वळवला. बेंबेमने ते पाहिलं. पेल्यांकडेही पाहिलं.

"सारखंच आहे. मावशीनं ओतताना सांडलंच नाही ना काही. सांडलं असतं तर कमी झालं असतं."

मागच्या बाकावर जुनरेल फिस्सकन हसला. पुढची पाळी त्याचीच होती. त्याचा पुतण्या त्याच्या मांडीवर तयार होऊन बसला होता.

"हे कुणी शिकवलं तुला?" मॅमचा आवाज चढला.

"हे कुणी नाही शिकवलं. मावशीनं जास्त म्हणायला शिकवलं होतं. मी लहान आहे म्हणून."

रोवेलिनला वाटलं, धरणी दुभंगावी. वर्गात प्रत्येक जण आपापल्या नखांकडे बघू लागला, कारण ते वाक्य एकट्या रोवेलिनला लागलेलं नव्हतं.

"अशानं तुझी मावशी नापास होईल हं," मॅम म्हणाल्या.

लहान मूल बक्षिसासाठी किंवा शिक्षेच्या भीतीने वागतं, हा पुस्तकातला पुढचा धडा होता. बेंबेमचा खालचा ओठ थरथरला. तिने मावशीकडे पाहिलं. मग मॅमकडे.

"मग तुम्ही करू नका ना नापास."

"अगं बाई! काय पोरगी आहे! अगदी पिलोसोपो आहेस!"

बेंबेमने मान वळवून भिंतीकडे पाहिलं. दाढीवाले, चष्मेवाले, सगळे जागच्या जागी होते. मग तिने मॅमकडे बघून भुवया उचलल्या.

वर्ग खो खो हसला. पण बेंबेम हसली नाही. तिला आता साक्षीदार हवे होते. खिडकीखालच्या बाकाकडे वळून ती ओरडली, "तुम्ही सांगा रे! सारखंच आहे ना?"

बाकावरच्या मुलांची तोंडं केळ्यांनी भरलेली होती. गालाला पाक लागला होता. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळ्यांच्या भुवया वर गेल्या.

हसू जिथल्या तिथे विरलं.

मॅमनी खुर्चीची पाठ धरली. इतक्या वर्षांची इतकी मुलं. त्यांतली काही खरंच उंच पेल्याला भुलली असतील. पण कोणती? आता कुणाला सांगता येणार? त्यांनी झग्यावर उगाच हात फिरवला, आणि पुन्हा बोलल्या तेव्हा आवाज अगदी मऊ होता.

"रोवेलिन, हिचं लक्ष नव्हतं असं आपण धरू. मुलं दमतात. सोमवारी दुसरं मूल घेऊन ये. एखादं साधंसं. मी पास करते तुला."

म्हणजे वाट मोकळी होती. गणवेश, जून, आईचा चेहरा, सगळं एका होकाराच्या अंतरावर. रोवेलिनला आपल्या भुवया सवयीने हलताना जाणवल्या. तिने कपाळाला हात लावून त्या थांबवल्या. हो म्हणायला भुवया पुरल्या असत्या. नाही म्हणायला तोंड उघडावं लागणार होतं.

"नाही, मॅम."

"काय म्हणालीस?"

"नाही आणणार. हिचं लक्ष होतं. दुसरं मूल आणलं तर त्यालाही खोटंच शिकवावं लागेल मला. एकीला शिकवलं तेवढं पुरे झालं."

"मग सराव पाठ विसर."

"कसे विसरू, मॅम? गणवेश शिवून झालाय." तिचा आवाज फाटला, पण ती थांबली नाही. "मला शिकवायचंच आहे. पण ही जे बोलली ते तसंच लिहून घ्या. सारखंच म्हणाली. सांडलं नाही म्हणून, असंही म्हणाली. आणि मग करायचं असेल तर करा नापास."

"बोलायला लागलीस गं!" मॅमच्या मानेवर लाल डाग उठले होते. "भाचीची मावशी शोभतेस. तूपण आता पिलोसोपो झालीस का?"

रोवेलिनने भिंतीकडे पाहिलं नाही. तिने मॅमच्या डोळ्यांत पाहिलं आणि भुवया उचलल्या, जातील तितक्या वर. आणि तिथेच धरून ठेवल्या.

आधी नजर मॅमनी काढून घेतली.

"पुढचं कोण?"

जुनरेलने पुतण्याला मांडीवर घट्ट धरलं. तो उठला नाही.

"पुढचं कोण, म्हणते मी!"

कुणीच उठलं नाही. जुनरेलनंतरचीही नाही, तिच्या शेजारचीही नाही. रोवेलिन अजून टेबलाशीच उभी होती.

बेंबेमने तिचा हात ओढला. "मावशी, आता पिऊ?"

"पी."

बेंबेमने दोन्ही पेल्यांकडे एकदा पाहिलं आणि हाताशी होता तो बुटका पेला उचलून तोंडाला लावला.