वहीवर जळणारं पॅड

मित्रांनो, मी एक जुनं पॅड आहे. परीक्षेला तुम्ही कागद अडकवून नेता ना, तसलंच. फक्त माझा चिमटा आता गंजलाय.

१९९८ साली जालन्यात मस्तगड भागातल्या एका दुकानातून सत्यशीलाताईंनी मला घेतलं. त्या तिथल्याच महिला सल्ला केंद्रात काम करायच्या. नवऱ्याची मारहाण, जबरदस्ती सोसून बाहेर पडलेल्या बायका पुन्हा कितपत उभ्या राहिल्या, हे त्यांना मोजायचं होतं. त्यासाठी मोठ्या शहरातून छापून आलेली पंचवीस प्रश्नांची प्रश्नावली माझ्या छातीवर असायची. गावोगावच्या बायका आधी माझ्याकडे बघत, मग ताईंकडे. मला फार ऐट होती.

बदनापूरजवळच्या वस्तीवर केशरबाई भेटल्या. नऊ वर्षं मार खाऊन, लेकीला घेऊन त्या भावाकडे आल्या होत्या. ताई विचारत गेल्या, "संकटातून लवकर सावरता का? स्वतःवर विश्वास वाटतो का?"

"न्हाई." पुढच्या बहुतेक प्रश्नांनाही "न्हाई." शंभरातले सहा गुण पडले.

ताई उठायला लागल्या तशा केशरबाई म्हणाल्या, "ताई, ह्याच्यात माझं कायीच न्हाई."

"मंग तुमचं काय हाये?" ताईंनी त्यांच्याच बोलीत विचारलं.

"पह्यले पान्याला जायाचं भेव वाटायचं. आता जाऊन राह्यले. लेक जोरानं हसली तरी दचकत न्हाई मी."

ताईंनी पिशवीतून एक साधी वही काढली आणि ते लिहून घेतलं. तिथून माझे वाईट दिवस आले. मला मिळायच्या नुसत्या खुणा, वहीला मिळायचं बायकांचं बोलणं. ताई तिला उशाशी घेऊन झोपत, मी खुंटीवर. ती हरवावी असं मला रोज वाटे.

एका बाजाराच्या दिवशी ताई केशरबाईंना केंद्रात घेऊन निघाल्या. बदनापूरच्या स्टँडवर केशरबाई पदर पुढे ओढून उभ्या होत्या, कारण त्यांचा नवरा तातेराव बाजाराला यायचा. वहीची पानं सुटी झाली होती, म्हणून ताईंनी ती मला लावली होती. वारा आला. माझा चिमटा सैल होता, पण खरं सांगायचं तर घट्ट धरायची मला इच्छाच नव्हती. केशरबाईंचं बोलणं लिहिलेलं एक पान उडालं आणि समोरच्या हॉटेलात, नेमकं तातेरावाच्या पायाशी पडलं. त्यानं ते उचललं.

ताई पुढे होण्याआधीच केशरबाई रस्ता ओलांडून गेल्या.

"काय लिव्हलंय माझ्याबद्दल?" त्यानं दरडावलं.

"तुमच्याबद्दल न्हाई. माझ्याबद्दल हाये. आणा इकडं."

त्यांनी पुढे केलेला हात मागे घेतला नाही. चहा पिणारी माणसं बघत राहिली. त्यानं पान दिलं.

एसटीत बसल्यावर केशरबाईंना रडू फुटलं. ताई त्यांचा हात धरून बसल्या. मला माझीच शरम वाटली.

पुढं ताईंनी बायकांच्याच बोलण्यातून बारा प्रश्नांची नवी प्रश्नावली केली. बाजारात एकटीनं जाता येतं का, झोप लागते का, आपली वस्तू मागून घेता येते का. ती माझ्यावरच लागली, आणि मी तिला घट्ट धरलं. तरी वही केंद्राच्या काचेच्या कपाटात आहे, अन् मी माळ्यावर. माझं जळणं अजून पुरतं थांबलेलं नाही.

मित्रांनो, जमलं तर माझ्या चिमट्याला थेंबभर तेल घाला. आणि कुणी "न्हाई" म्हणालं, तर लगेच खूण करू नका. पेन खाली ठेवून थोडं बसा.